स्टॉक मोटारींच्या शर्यती : नियम आणि चालकाचे प्राण

बंगळूर शहरातील हेब्बाळचा उड्डाणपूल ओलांडून उत्तरेकडे निघाले, की बल्लारी रस्ता देवनहळ्ळीच्या विमानतळाच्या दिशेने रुंद आणि बराचसा सरळ होत जातो. २००८ साली विमानतळ तेथे गेल्यापासून या रस्त्यावर रात्रंदिवस टॅक्सींची रीघ लागलेली असते. या टॅक्सींमध्ये टोयोटा कंपनीच्या ‘इटिऑस’ या मोटारीचा भरणा अनेक वर्षे मोठा होता. २०१० ते २०२० या काळात ही मोटार बंगळूरजवळच्या बिडदी येथील कारखान्यात तयार होत असे. साधी, बहुधा पांढऱ्या रंगाची, डिकीत दोन-तीन बॅगा सहज मावतील अशी ही गाडी; तिच्याकडे पाहून कोणाला शर्यतीची आठवण व्हावी असे तिच्यात काही नाही. तथापि हीच इटिऑस आतून संपूर्ण रिकामी करून आणि तिच्यात पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवून चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टै येथील धावमार्गावर राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या शर्यतीत उतरविण्यात आलेली आहे.

दुसरीकडे याच बल्लारी रस्त्यावर, रात्री रहदारी ओसरल्यानंतर, मोटारसायकली आणि मोटारी ईर्ष्येने पळविणाऱ्या तरुणांवर पोलिसांनी कारवाई केल्याच्या बातम्या बंगळूरच्या वृत्तपत्रांत अधूनमधून वाचावयास मिळतात. वाहने तशीच, वेगाची हौस तीच. मग एका ठिकाणी जो गुन्हा ठरतो, तो दुसऱ्या ठिकाणी खेळ कशामुळे ठरतो? नियमांमुळे, हे उत्तर बरोबर असले तरी अपुरे आहे. हे नियम केव्हा आणि कोणती किंमत मोजल्यानंतर केले गेले, हे पाहिल्यावाचून त्या उत्तराला अर्थ येत नाही.

प्रथम नावाचा उलगडा करू. इंग्रजीतील ‘स्टॉक कार’ या शब्दाचे भाषांतर करताना ‘साठा’ हा नेहमीचा प्रतिशब्द उपयोगी पडत नाही. दुकानात विक्रीला ठेवलेली, कारखान्यातून जशी आली तशीच असलेली मोटार, हा त्याचा मूळ अर्थ. आपल्याकडे गॅरेजमधील मंडळी अशा वस्तूला ‘कंपनी फिटिंग’ म्हणतात. कोशात नसला तरी या शब्दाइतका नेमका पर्याय मला दुसरा सापडला नाही. परंतु रूढ झाला आहे तो ‘स्टॉक मोटार’ हाच शब्द, म्हणून येथेही तोच ठेवला आहे. खास शर्यतीसाठी घडविलेल्या, उघड्या चाकांच्या, एकाच आसनाच्या गाड्यांहून या मोटारी निराळ्या. प्रेक्षक स्वतः जी गाडी चालवितो तिच्याच रूपाची गाडी शर्यतीत धावते, हे या खेळाचे आकर्षण. आज अमेरिकेत धावणाऱ्या स्टॉक मोटारींचे दुकानातल्या गाडीशी फक्त बाह्य रूपाचे साम्य उरले आहे. त्यांना उघडणारी दारेसुद्धा नसतात; चालक खिडकीतून आत शिरतो. या अर्थाने पाहता आपल्याकडील सलून मोटारींच्या शर्यती मूळ कल्पनेच्या अधिक जवळ आहेत.

या खेळाचा उगम अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत झाला. तेथील डोंगराळ भागात चोरटी दारू गाळून ती रातोरात शहरांत पोहोचविण्याचा धंदा चाले. पोलिसांना चुकविण्यासाठी हे वाहक आपल्या साध्या दिसणाऱ्या मोटारींच्या इंजिनांत आणि स्प्रिंगांत फेरफार करून घेत. आठवड्याच्या अखेरीस हीच माणसे आणि याच मोटारी शेतात आखलेल्या मातीच्या वर्तुळावर एकमेकींशी स्पर्धा करीत. संयोजक बक्षिसाची रक्कम घेऊन पसार होत, नियम गावोगाव बदलत. या गोंधळाला शिस्त लावण्यासाठी बिल फ्रान्स या गृहस्थाने डिसेंबर १९४७ मध्ये फ्लॉरिडातील डेटोना बीच येथे एका हॉटेलात बैठक बोलाविली, आणि १९४८ च्या फेब्रुवारीत ‘नॅसकार’ ही संस्था रीतसर स्थापन झाली.

या संस्थेची ‘निखळ स्टॉक’ मोटारींची पहिली शर्यत १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे झाली. मातीच्या वर्तुळावर दोनशे फेऱ्या होत्या. स्पर्धकांत सेरा ख्रिश्चन ही स्त्रीही होती, याची नोंद सहसा कोणी करीत नाही. ग्लेन डनवे नावाचा चालक सर्वांच्या पुढे राहून पहिला आला. शर्यतीनंतर गाडीची तपासणी झाली तेव्हा तिच्या मागील स्प्रिंगांत फेरफार केलेला आढळला. दारू वाहणाऱ्यांची ती नेहमीची युक्ती होती. त्यामुळे भरलेली गाडी मागून खाली बसत नसे आणि वळणावर डगमगत नसे. डनवेला अपात्र ठरवून दुसऱ्या आलेल्या जिम रोपरला विजयी घोषित करण्यात आले. डनवेच्या गाडीचा मालक न्यायालयात गेला. न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला. संयोजकांनी आधी जाहीर केलेला नियम स्पर्धकावर बंधनकारक असतो, हे तत्त्व अशा रीतीने पहिल्याच शर्यतीत प्रस्थापित झाले.

पुढील सात दशकांत तपासणीची साधने बदलली. पत्र्याचे साचे गाडीवर टेकवून आकार तपासण्याची पद्धत जाऊन तेथे २०१८ पासून प्रकाशकिरणांनी संपूर्ण देह मोजणारी यंत्रे आली. लबाडीची वृत्ती मात्र फारशी बदलली नाही. जुलै २०२२ मध्ये पोकोनो येथील शर्यतीत पहिला आलेला डेनी हॅमलिन आणि दुसरा आलेला काईल बुश या दोघांच्याही गाड्यांच्या पुढच्या भागावर, रंगीत आवरणाखाली, पातळ चिकटपट्टीचे जादा थर सापडले. दोघेही बाद झाले आणि तिसऱ्या आलेल्या चेस इलियटला विजय मिळाला. नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेत विजेत्याचे विजेतेपद काढून घेतले जाण्याची १९६० नंतरची ही पहिलीच वेळ. मधल्या काळात नियमभंग होत नव्हते असे मुळीच नाही. दंड होत असत, गुण कापले जात असत. परंतु मैदानावर पाहिलेला निकाल घरी जाऊन बदलला तर प्रेक्षक नाराज होतील, या भीतीने विजेतेपद तेवढे शाबूत ठेवले जाई. २०१९ पासून संस्थेने हे धोरण सोडून दिले. चिकटपट्टीच्या दोन थरांनी असा काय फरक पडतो, असे वाचकाला वाटेल. ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास हवेचा दाब एवढा वाढलेला असतो, की पत्र्याच्या किंचित उंचवट्यानेही गाडी रस्त्याला अधिक घट्ट धरून राहू शकते.

येथवर पाहिले ते समतेचे नियम. प्राणरक्षणाच्या नियमांचा इतिहास याहून कठोर आहे, कारण त्यांतील जवळजवळ प्रत्येक नियमामागे एखाद्या माणसाचे नाव आहे.

१९६४ च्या मे महिन्यात शार्लटच्या शर्यतीत दोन मोटारींची धडक चुकविताना ‘फायरबॉल’ रॉबर्ट्स या नामवंत चालकाची गाडी भिंतीवर आदळून उलटली आणि तिची पेट्रोलची टाकी फुटली. त्या काळी चालक आपले सुती कपडे अग्निरोधक रसायनात बुडवून वापरीत. रॉबर्ट्सला दम्याचा विकार होता, त्या रसायनाने त्रास होई, म्हणून त्याला ते न वापरण्याची मुभा होती. त्याचा स्पर्धक नेड जॅरेट याने त्याला आगीतून ओढून बाहेर काढले. तरी २ जुलै रोजी रॉबर्ट्स मरण पावला. या घटनेनंतर पत्र्याच्या टाकीऐवजी रबरी पिशवी वापरण्याची पद्धत सक्तीची झाली. ही पिशवी पोलादी पेटीत बसविलेली असते आणि तिच्या आत स्पंजासारखा फेस भरलेला असतो. धक्का बसला तरी पिशवी ताणली जाते, फुटत नाही. फुटलीच, तरी फेसामुळे पेट्रोल एकदम उसळून बाहेर येत नाही. आग न लागू देणारे कापडही त्यानंतरच्या काळात सार्वत्रिक झाले.

१९७० साली डार्लिंग्टन येथे रिचर्ड पेटीची गाडी कोलांट्या खात असताना त्याचा हात आणि खांदा खिडकीबाहेर लोंबकळत असल्याचे सर्वांनी पाहिले. तो वाचला. लवकरच चालकाच्या खिडकीला पट्ट्यांची जाळी लावणे आवश्यक ठरले. या जाळीला नंतर आणखी एक उपयोग चिकटला. अपघात झाल्यावर चालकाने स्वतः जाळी खाली पाडली, तर तो शुद्धीवर आहे असे मदतपथकाने समजावे, असा संकेत रूढ झाला. जाळी वरच राहिली, की स्टँडमध्ये शांतता पसरते.

पिंजऱ्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्यासंबंधी एक गैरसमज आहे. गाडी जितकी भक्कम तितका चालक सुरक्षित, असे सर्वसाधारण माणसाला वाटते. चालकाभोवतीचा भाग चिरडला जाऊ नये म्हणून पिंजरा ताठच हवा, हे खरे. परंतु पिंजऱ्यापुढचा आणि मागचा भाग मात्र चुरगळला पाहिजे. धडकेतील ऊर्जा कोठेतरी खर्च व्हावीच लागते. ती पत्रा आणि नळ्या वाकविण्यात खर्च झाली नाही, तर ती आसनामार्फत चालकाच्या शरीरात जाते. आणि शरीर पट्ट्यांनी जखडलेले असले, तरी डोके मोकळेच असते.

या मोकळ्या डोक्यानेच २००१ सालचा घात केला. त्यापूर्वीच्या वर्षी ॲडम पेटी, केनी अर्विन आणि टोनी रोपर हे तीन चालक मृत्युमुखी पडले होते. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोनाच्या शर्यतीत, शेवटच्या फेरीच्या शेवटच्या वळणावर, डेल अर्नहार्ट याची मोटार काँक्रीटच्या भिंतीवर आदळली. सात वेळा अजिंक्यपद मिळविलेला हा चालक. पाहणाऱ्यांना अपघात किरकोळ वाटला. गाडी उलटली नाही, पेटली नाही. परंतु भिंतीला भिडताच निमिषमात्रात गाडीच्या वेगात ताशी सुमारे सत्तर किलोमीटरांचा फरक पडला होता. कवटीच्या तळाचे हाड मोडल्याने अर्नहार्टचा मृत्यू झाला. कमरेचा एक पट्टाही तुटलेला आढळला.

खेदाची गोष्ट अशी, की यावरचा उपाय तेव्हा वीस वर्षांचा जुना होता. मिशिगन राज्य विद्यापीठातील प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, शर्यतपटू जिम डाउनिंग, यांनी १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभीच ‘हान्स’ नावाचे साधन तयार केले होते. डाउनिंग यांचा एक मित्र अशाच दुखापतीने दगावला होता. हे साधन म्हणजे खांद्यांवर घालण्याचे एक जू. ते छातीवरील पट्ट्यांखाली दाबून बसते आणि दोन दोऱ्यांनी हेल्मेटला जोडलेले असते. शरीर थांबले की डोकेही त्याच्याबरोबर थांबते. मान खेचली जात नाही. अनेक चालकांना ते अवघडल्यासारखे वाटे आणि अर्नहार्टही ते वापरण्याच्या विरुद्ध होता. ऑक्टोबर २००१ मध्ये शार्लट येथे दुय्यम मालिकेतील आणखी एक तरुण चालक तशाच रीतीने मरण पावल्यानंतर नॅसकारने असे साधन सक्तीचे केले. स्वेच्छेवर सोडलेली सुरक्षितता शूर म्हणविणाऱ्या माणसांत रुजत नाही, याला याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

चालकानंतर पाळी आली भिंतीची. नेब्रास्का विद्यापीठातील डीन सिकिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँक्रीटच्या भिंतीपुढे पोलादी नळ्यांची दुसरी भिंत उभी करून मधल्या फटीत फेसाचे ठोकळे बसविण्याची रचना शोधली. ती २००२ च्या मे महिन्यात इंडियानापोलिस येथे प्रथम उभारण्यात आली. गाडी आदळताच ही भिंत किंचित मागे सरते आणि धक्क्याचा काळ लांबतो. काळ लांबला की बळ कमी होते. क्रिकेटचा झेल घेताना हात मागे नेतात, त्यातलाच हा प्रकार. ही भिंत सर्वत्र उभारण्यास मात्र कंजूषपणा झाला. २०१५ साली डेटोना येथेच काईल बुशची गाडी आतल्या बाजूच्या उघड्या काँक्रीटवर आदळली आणि त्याच्या दोन्ही पायांची हाडे मोडली. उरलेल्या भिंती त्यानंतर झाकल्या गेल्या. २००१ नंतर नॅसकारच्या तीन राष्ट्रीय मालिकांत शर्यतीदरम्यान एकाही चालकाचा प्राण गेलेला नाही. २०२० साली डेटोनाच्या अखेरच्या क्षणी रायन न्यूमनची उलटी झालेली गाडी दुसऱ्या गाडीने भर वेगात ठोकली, तेव्हा तो वाचणार नाही असेच सर्वांना वाटले होते. दोन दिवसांनी तो आपल्या मुलींचे हात धरून रुग्णालयातून चालत बाहेर आला.

समतेचे नियम आणि सुरक्षिततेचे नियम एकाच दिशेने ओढतात, असा आतापर्यंतच्या हकिगतीवरून समज होईल. वास्तविक ते कित्येकदा एकमेकांना छेद देतात. मे १९८७ मध्ये टॅलाडेगा येथे बॉबी ॲलिसनच्या गाडीचे टायर फुटले आणि ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने जाणारी ती गाडी हवेत उडून प्रेक्षकांपुढील कुंपणावर गेली. काही प्रेक्षक जखमी झाले. वेग आवरलाच पाहिजे हे उघड होते. १९८८ पासून डेटोना आणि टॅलाडेगा येथे प्रत्येक इंजिनात हवा जाण्याच्या मार्गावर चार छिद्रांची एक चकती बसविणे सक्तीचे झाले. हवा कमी, म्हणून जळणारे पेट्रोल कमी, म्हणून शक्ती कमी. वेग घटला, पण सर्वांचाच सारखा घटला. कोणालाच कोणाच्या पुढे निघून जाता येईना. परिणामी तीस-चाळीस गाड्यांचा थवा दोन-तीन रांगांत, हातभर अंतर राखून, फेरीमागून फेरी धावू लागला. एकाचे चुकले की वीस गाड्या एकमेकींवर आदळतात. हा सामुदायिक अपघात इतका नित्याचा झाला की त्याला टोपणनावही मिळाले. २०१९ साली ही चकती जाऊन निराळ्या आकाराची नळी आली, तरी थवा कायम आहे. प्रेक्षकांना तो आवडतो, हेही येथे नमूद केले पाहिजे.

२०२२ साली आणलेल्या नव्या मोटारीचीही कथा अशीच. खर्च आणि लबाडी दोन्ही कमी व्हावीत म्हणून बहुतेक भाग सर्व संघांनी नेमून दिलेल्या एकेका पुरवठादाराकडूनच घ्यावेत, असे ठरले. समतेच्या दृष्टीने हे पाऊल योग्य होते. परंतु या गाडीचा मागील भाग गरजेपेक्षा ताठ निघाला. त्याच वर्षी कर्ट बुश आणि ॲलेक्स बोमन या दोघांच्या मेंदूला मागून आदळल्याने इजा झाली. बुशला नियमित शर्यती कायमच्या सोडाव्या लागल्या. पुढच्या वर्षासाठी मागच्या सांगाड्यातील काही नळ्या मुद्दाम कमकुवत करण्यात आल्या.

शर्यतीदरम्यानच्या आचरणाचे नियम असंख्य आहेत. त्यांपैकी एकच सांगतो. अपघात झाला की पिवळा झेंडा दाखवितात. पूर्वी झेंडा दिसल्यावरही आरंभरेषेपर्यंत एकमेकांना मागे टाकण्याची मुभा होती. २००३ साली न्यू हॅम्पशर येथे डेल जॅरेटची गाडी मार्गात आडवी पडली असताना बाकीचे चालक तिच्या अंगावरून जातील की काय अशा वेगाने रेषेकडे झेपावले. पुढच्याच आठवड्यापासून पिवळा झेंडा लागताच क्रम गोठविण्यात येऊ लागला. हा जॅरेट म्हणजे रॉबर्ट्सला आगीतून काढणाऱ्या नेड जॅरेटचा मुलगा.

भारताचा या खेळाशी थेट संबंध थोडा, पण आहे. कोइमतूरच्या नारायण कार्तिकेयनने २०१० साली नॅसकारच्या ट्रक मालिकेत काही शर्यतींत भाग घेतला आणि त्या वर्षीचा तिथला सर्वांत लोकप्रिय चालक हा बहुमानही मिळविला. युरोपातील नॅसकार मालिकेत अद्वैत देवधर हा चालक धावला आहे. खुद्द आपल्या देशात १९५३ साली स्थापन झालेल्या मद्रास मोटार स्पोर्ट्स क्लबने शोळावरम येथील युद्धकालीन धावपट्टीवर अनेक वर्षे शर्यती भरविल्या. विमानांसाठी बांधलेली ती पट्टी. १९९० पासून त्या शर्यती इरुंगाट्टुकोट्टै येथे खास बांधलेल्या मार्गावर होऊ लागल्या. १९७१ साली स्थापन झालेला मोटार स्पोर्ट्स क्लबांचा राष्ट्रीय महासंघ चालकांना परवाना देतो आणि त्याच्या नियमांखाली गाड्यांची तपासणी होते. पिंजरा, अनेकपदरी पट्टे, अग्निरोधक पोशाख, प्रमाणित हेल्मेट आणि हान्स, हा सारा सरंजाम तेथेही लागतो. अमेरिकेत एकेका मृत्यूनंतर आलेले नियम आपल्याला बरेचसे तयार मिळाले.

तरीही ८ जानेवारी २०२३ रोजी इरुंगाट्टुकोट्टै येथे सलून मोटारींच्या शर्यतीत के. ई. कुमार या ५९ वर्षांच्या अनुभवी चालकाची गाडी दुसऱ्या स्पर्धकाच्या गाडीशी धडकून मार्गाबाहेर घसरली, कुंपणावर आदळली आणि छतावर पालथी पडली. तत्काळ लाल झेंडा दाखवून शर्यत थांबविण्यात आली. काही मिनिटांत त्यांना बाहेर काढून प्रथम मैदानावरील वैद्यकीय केंद्रात आणि तेथून रुग्णालयात नेण्यात आले, परंतु त्यांचे प्राण वाचले नाहीत. कुमार हे त्याच मद्रास क्लबचे आजीव सदस्य होते. त्या दिवसाच्या उरलेल्या शर्यती रद्द झाल्या आणि क्लबने व महासंघाने चौकशी सुरू केली.

सात महिन्यांनी, ५ ऑगस्ट २०२३ रोजी, याच मार्गावर मोटारसायकलच्या शर्यतीत बंगळूरचा एक मुलगा पडून दगावला. मोटारसायकलला पिंजरा नसतो, पट्टे नसतात. तो तेरा वर्षांचा होता. रस्त्यावर वाहन चालविण्याचा परवाना मिळण्याचे त्याचे वय झालेले नव्हते. शर्यतीचा परवाना मात्र त्या वयात मिळू शकत होता. शर्यतीत उतरण्याचे किमान वय किती असावे, हा प्रश्न त्यानंतर वृत्तपत्रांतून विचारला जाऊ लागला.